पाच-नऊ, हवा छान

पंधराशे वॅट क्षमतेचा अँटेना ट्यूनर खरेदी करण्याचा निर्णय मी पूर्ण विचारांती, शुद्धीवर असताना आणि बायको घरात हजर असताना घेतला, हे सुरुवातीलाच नमूद करतो. नंतर वाद नकोत.

ज्यांच्या घरात हे यंत्र नाही अशा सुखी लोकांसाठी थोडा खुलासा. हौशी रेडिओवाल्याच्या टेबलावर एक रेडिओ असतो आणि गच्चीवर एक अँटेना असतो. या दोघांचं आपसात पटत नाही. रेडिओ जोर लावून काही पाठवतो, अँटेना ते घेत नाही, आणि पाठवलेलं सगळं उलट रेडिओच्याच अंगावर येतं. म्हणून मध्ये एक पेटी बसवतात. तिची मोठाली बटणं फिरवत बसायचं, काटा खाली आला की दोघांचं जुळलं असं समजायचं. हाच तो ट्यूनर. घराघरात हे काम आत्या आणि मावश्या करतात, पण त्यांना वीज लागत नाही.

मी पेशाने वजनमापं तपासनीस. दुकानदाराच्या तराजूत पाच ग्रॅमचा फरक निघाला तर माझा चेहरा असा होतो की माणूस न विचारता गुन्हा कबूल करतो. सत्तावीस वर्षांत मी एकही खोटा शिक्का मारलेला नाही. ऑफिसात मला 'काटा' म्हणतात. मला ते माहीत नाही अशी त्यांची समजूत आहे, आणि मी ती मोडलेली नाही.

रेडिओवर मात्र आमच्यात एक रीत आहे. समोरच्याचा आवाज कसा येतोय ते आकड्यांत सांगायचं. पहिला आकडा स्पष्टपणाचा, पाचपैकी. दुसरा जोराचा, नऊपैकी. म्हणजे पाच-नऊ याचा अर्थ, तुम्ही जणू माझ्या शेजारीच बसून बोलताय. गेल्या तीस वर्षांत मी पाच-नऊखेरीज दुसरा आकडा ना कुणाला दिला, ना कुणाकडून घेतला. "तुमचा आवाज पाच-नऊ येतोय, एकदम झकास! तुमचं नाव पुन्हा एकदा सांगता का? आणि गाव? आणि आत्ता काय म्हणालात ते?" असं आमचं संभाषण चालतं. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. समोरच्याला उगाच कशाला नाराज करा!

दर रविवारी सकाळी आठ वाजता मी माझ्या मोठ्या भावाशी, दादाशी, रेडिओवर बोलतो. तो इथून दोन दिवसांच्या प्रवासावर, डोंगरापलीकडे राहतो. फोन आहे, पण फोनवर आमचं कधी जमलंच नाही. "बरा आहेस?" "बरा आहे. तू?" "मीही." की संपलं, चाळीस सेकंद. रेडिओवर तासभर कसा जातो कळत नाही. गेल्या वर्षी वहिनी गेली आणि दादा त्या घरात एकटा पडला. मी आणि बायकोने ठरवलं, त्याला इकडेच राहायला आणायचं. बायकोने मागची खोली रिकामी करून पडदेसुद्धा शिवले.

मग मी रविवारी त्याला विचारलं. "दादा, तू आमच्याकडे कायमचा राहायला ये. येतोस का? ओव्हर."

दादा म्हणाला, "पाच-नऊ, लहान्या, पाच-नऊ. हवा छान आहे. ओव्हर."

पुढच्या रविवारी पुन्हा विचारलं. पाच-नऊ, हवा छान. तिसऱ्या रविवारी मी घसा खरवडून विचारलं. पाच-नऊ, हवा छान, आणि वर "आमच्याकडे मांजरीला पिल्लं झाली." आता याचा अर्थ काय घ्यायचा? येतो म्हणतोय, नाही म्हणतोय, की मांजरीमुळे अडलंय? रात्रंदिवस माझ्या डोक्यात तेच. तो एकटा आहे, एकाहत्तर वर्षांचा आहे, आणि मला नीट उत्तर देत नाही.

"दादांना ऐकू येत नसेल," बायको कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली.

"तेच तर म्हणतोय मी!" मी म्हणालो. "माझा जोर कमी पडतोय. शंभर वॅटमध्ये काय होणार?"

अशा रीतीने मोठा ॲम्प्लिफायर आला, आणि त्याच्या मागोमाग पंधराशे वॅट झेपणारा ट्यूनर घेणं ओघानेच आलं.

मी उगीच खरेदी करणारा माणूस नाही. मी एकशे चौदा मालकांचे अनुभव वाचले. कंपनीच्या पानावर प्रत्येकाने पाच तारे दिले होते. एका माजी मुख्याध्यापकांनी लिहिलं होतं, 'यंत्र भरपूर ऊब देतं. हिवाळ्यात फार सोय.' एकाने लिहिलं होतं, 'बटण फिरवताच खणखणीत आवाज येतो, घरातले सगळे धावत येतात. कुटुंब जवळ आलं.' एका दातांच्या डॉक्टरांनी तर मन जिंकलं. 'आतून निळसर उजेड पडतो, पाहत राहावं असा. शिवाय मशीनच्या पोटात कंपनीची एक प्रेमळ चिठ्ठीही मिळाली!' आजकाल कोण एवढं मनापासून करतं? मी लगेच मागणी नोंदवली.

ट्यूनर आला. दोन हमालांनी तो जिन्याने चढवला आणि जाताना माझ्याकडे दयेने पाहिलं. मी सगळ्या तारा जोडल्या, ॲम्प्लिफायर चढवला, बटण फिरवलं. पेटीतून फाट् असा खणखणीत आवाज झाला. सुंदर निळसर उजेड पडला. खोलीत ऊबही आली. बायको आणि मुलगी धावत आल्या.

"जळकट वास येतोय," मुलगी म्हणाली.

"सगळं अनुभवात लिहिल्याप्रमाणेच होतंय," मी म्हणालो. पण काटा काही खाली येईना.

मी सेवा केंद्राला फोन केला. तिथल्या बाई इतक्या गोड बोलत होत्या की माझाच आवाज मला उद्धट वाटायला लागला.

"तक्रार नक्की घेऊ सर. त्याआधी आपण मालक-अनुभव प्रपत्र भरलंय का?"

"पण अनुभव वाईट आहे!"

"असू दे ना सर. भरा."

मी प्रपत्र भरलं. नोकरीच सचोटीची असल्यामुळे मोजून मापून दोन तारे दिले. एक रंगासाठी आणि एक वजनासाठी, कारण वजन मी स्वतः तपासलं होतं आणि ते बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन. "सर, दोन तारे म्हणजे असमाधानी मालक. असमाधानी मालकांची प्रकरणं दुरुस्ती विभाग बघत नाही. ती समाधान कक्षाकडे जातात."

तीन दिवसांनी समाधान अधिकारी घरी आले. टापटीप माणूस, काखेत फाईल. मी त्यांना ट्यूनरकडे नेऊ लागलो तर ते दारातच थांबले.

"यंत्र माझ्या कार्यकक्षेत येत नाही," ते म्हणाले. "मी मालक तपासतो. बसा."

मी बसलो. माझ्याच खुर्चीवर, पण परवानगीने.

"खरेदीच्या वेळी आपली अपेक्षा किती होती?"

"पंधराशे वॅट."

"अरेरे!" त्यांनी नोंद केली. "आणि प्रत्यक्ष अनुभव?"

"शंभरच्या वर गेलं की ठिणगी उडते."

"म्हणजे तफावत चौदाशे वॅटची. आता बघा, यंत्र कारखान्यात बनतं, त्यात बदल करणं अवघड. अपेक्षा मात्र आपल्या हातात असते. टप्प्याटप्प्याने उतरू. हजार चालेल?"

"हे काय भाजीबाजार आहे का हो?"

"आठशे? साडेसहाशे? घाई नाही. काही मालकांना दोन बैठका लागतात."

एक गोष्ट कबूल करतो. माणूस निष्णात होता. माझ्यासमोर बसून ते हळूहळू मला फिरवत होते आणि माझ्यात कुठे काटा खाली येतो ते बघत होते. दीड तासाने मी शंभर वॅटवर आलो. त्यांनी प्रमाणपत्र दिलं, 'मालकाची अपेक्षा दुरुस्त करण्यात आली. मालक चालू स्थितीत आहे.' खाली गोल शिक्का. सत्तावीस वर्षं मी लोकांच्या वजनांवर शिक्के मारतोय, पण स्वतःवर मारून घेण्याची ही पहिलीच वेळ.

"आता पुन्हा प्रपत्र भरा," जाता जाता ते म्हणाले. "पाच तारे द्या. दुरुस्ती विभाग फक्त समाधानी मालकांच्याच तक्रारी घेतो."

"आणि तक्रार लिहायची कुठे?"

"कौतुकाच्या रकान्यात. दुसरा रकाना नाही."

मी पुष्कळ वेळ कागद पुढ्यात घेऊन बसलो. ज्या हाताने कधी अर्ध्या ग्रॅमची सूट दिली नाही, त्या हाताने मी पाच तारे दिले आणि कौतुकाच्या रकान्यात लिहिलं, 'यंत्र बोलकं आहे. मी एक बटण फिरवलं तर ते स्वतःहून दहा गोष्टी करतं.' लिहून झालं आणि एकदम अंगावर काटा आला. ही भाषा मी कुठेतरी वाचली होती. मी कंपनीचं पान उघडलं. ऊब देतं. खणखणीत आवाज. निळसर उजेड. एकशे चौदा मालक, आणि एकशे चौदा तक्रारी! बिचारे जीव तोडून ओरडत होते आणि मी ते वाचून ऑर्डर दिली होती.

"एवढं साधं कळलं नाही तुम्हाला?" बायको म्हणाली.

"तुला कळलं होतं का?"

"मला विचारलंत कुठे?"

दोनच दिवसांत कंपनीचं उत्तर आलं. 'आपले कौतुक मिळाले. कंपनी दुरुस्ती करत नाही. आपले प्रकरण जवळच्या मार्गदर्शक मालकाकडे वर्ग करण्यात येत आहे.' संध्याकाळी फोन वाजला. मार्गदर्शक मालक म्हणजे आपले तेच, दातांचे डॉक्टर.

"कसला उजेड पडतोय? निळा का पिवळा?" त्यांनी विचारलं.

"निळा."

"मग उघडा झाकण. घाबरू नका. आत पातळ पातळ पत्र्यांची एक रांग दिसेल, फणीसारखी. तिच्या फटीत काहीतरी अडकलेलं असणार. चिमटा घ्या आणि हलक्या हाताने ओढा."

मी प्लग काढून, तासभर थांबून झाकण उघडलं. पत्र्यांच्या फटीत खरंच एक कागद अडकला होता, कडेने काळा पडलेला. चिमट्याने ओढून काढला. त्यावर लिहिलं होतं, 'तपासले. उत्तम.' खाली तपासनिसाची सही.

कारखान्यातल्या माझ्या त्या व्यवसायबंधूने हे लेबल आत नेमकं अशा जागी चिकटवलं होतं की पहिल्या उष्णतेला ते सुटून फटीत पडावं. यंत्रात दुसरा काहीएक दोष नव्हता.

"अहो डॉक्टर, मग हे सरळ लिहायचं ना पानावर!"

"लिहिलं होतं की! पोटात कंपनीची चिठ्ठी मिळाली म्हणून. एकशे चौदा जणांपैकी एकानेही विचारलं नाही की चिठ्ठीत काय होतं. सगळ्यांनी खाली लिहिलंय, वा, छान!"

त्या एकशे चौदांत आपण नव्हतो याचं मी क्षणभर समाधान मानलं. मग आठवलं की सर्वांत वरचं 'वा, छान' माझंच होतं.

रविवारी सकाळी आठ वाजता मी पूर्ण ताकदीने रेडिओ चालू केला. काटा अगदी तळाला. जिन्यातले दिवे माझ्या शब्दांबरोबर उघडझाप करायला लागले. मी श्वास भरून म्हणालो, "दादा! आमच्याकडे कायमचा राहायला ये! खोली तयार आहे! येतोस का? ओव्हर!"

रेडिओतून दादाचा शांत आवाज आला. "पाच-नऊ, लहान्या. हवा छान. पिल्लांनी डोळे उघडले. ओव्हर."

तेवढ्यात दाराची बेल वाजली. वरच्या मजल्यावरच्या काकू होत्या, संतापलेल्या.

"तुमचं ते 'राहायला ये' आमच्या टीव्हीतून येतंय! बातम्यांच्या बाईच्या तोंडून! यांच्या कानातल्या मशीनमधूनही येतंय. हे मघापासून विचारतायत, कुठे जायचंय म्हणून!"

मागोमाग खालचे शिंपीकाका आले. त्यांच्या शिलाई मशीनच्या दिव्यालाही निमंत्रण पोचलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाईंनी विचारलं, कायमचा राहायला येणाऱ्याची इमारतीच्या समितीकडे नोंद केलीय का? थोडक्यात, पाच मजल्यांवरच्या माणसांना, शिलाई मशीनला आणि बातम्यांच्या बाईला माझा प्रश्न नीट ऐकू गेला होता. फक्त ज्याला विचारला त्याचं उत्तर नव्हतं.

मी डोकं धरून बसलो. मला रडूच यायला लागलं होतं. बायकोने मागून येऊन ॲम्प्लिफायरचं बटण बंद केलं.

"उठा," ती म्हणाली. "तिकिटं काढते. जाऊन तोंडाने विचारू."

पुढच्या रविवारी सकाळी आठला पाच मिनिटं कमी असताना आम्ही दादाच्या दारात होतो. बेल वाजवली, दोनदा वाजवली. दार नुसतं लोटलेलं होतं. आत गेलो. दादा पाठमोरा, टेबलाशी बसलेला. स्वच्छ सदरा, केस विंचरलेले. पायाशी मांजर आणि तिची तीन पिल्लं. भिंतीवरच्या खिळ्याला त्याचे हेडफोन लटकत होते आणि त्यांच्यावर बोटभर धूळ होती. रेडिओच्या आवाजाचं बटण शून्यावर होतं.

घड्याळात आठ वाजले. दादाने माईकचं बटण दाबलं आणि हसऱ्या आवाजात म्हणाला, "पाच-नऊ, लहान्या, पाच-नऊ. हवा छान. ओव्हर."

मी त्या वेळी त्याच्या पाठीमागे सहा फुटांवर, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उभा होतो.

दादाने बटण सोडलं. घड्याळाकडे बघत, मी एरवी जेवढा वेळ बोलतो तेवढा वेळ तो थांबला, अधूनमधून मान डोलावली, आणि मग पुन्हा बटण दाबून पिल्लांची खबर सांगायला लागला. बायकोने पदर तोंडाला लावला. मी पुढे होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो दचकला, वळला, मला बघितलं, मग रेडिओकडे बघितलं, मग पुन्हा मला.

"अरे! मग आत्ता तिकडून कोण बोलतंय?" तो म्हणाला.

टेबलावरचा कागद ओढून मी लिहिलं, 'कुणीच नाही. तुला ऐकू येत नाही?'

"वर्ष होत आलं," दादा म्हणाला. "दोन्ही कान गेले."

'सांगितलं का नाहीस?' मी एवढं दाबून लिहिलं की कागद फाटला.

दादाने खणातून त्याची नोंदवही काढली. आम्ही रेडिओवाले झालेल्या प्रत्येक बोलण्याची नोंद ठेवतो, तारीख आणि वेळ घालून. त्याने पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. 'लहान्याला सांगितलं, कानाने कमी ऐकू येतंय. उत्तर: पाच-नऊ, आमच्याकडेही तसंच.' दोन आठवडे पुढे. 'पुन्हा सांगितलं, डावा गेला, उजवाही जाणार म्हणतात. उत्तर: पाच-नऊ, झकास.' आणखी तीन आठवडे. 'शेवटचं सांगितलं. पुसट ऐकू आलं. उत्तर: वा, छान.'

"तुला काम असेल म्हटलं," दादा म्हणाला. "पण रविवार चुकवला असता तर तू काळजी केली असतीस. म्हणून बसत होतो."

बायकोने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'दादा, आमच्याकडे कायमचे राहायला चला. खोली तयार आहे. मांजरीसकट.'

दादाने चष्मा लावून ते वाचलं, आणि तिच्याकडे बघून म्हणाला, "चला की! मी कुठे नाही म्हणतोय? पण एवढंच होतं तर पत्र टाकायचंत ना!"

आता दादा मागच्या खोलीत राहतो. रविवारी आठला आम्ही एका टेबलाशी पाटी-पेन्सिल घेऊन बसतो. तो बोलतो, मी लिहितो. वेळ लागतो, पण काय लिहायचं ते कळायला आधी ऐकावं लागतं, ही त्यातली अडचण आहे. माझी जुनी नोंदवही मी काढून बघितली. त्या तिन्ही तारखांना माझ्या अक्षरात एकच शेरा आहे: 'दादा, ५-९. विशेष काही नाही.' शिक्का माझाच. तक्रार कुणाकडे करणार?

ट्यूनर छान चालतो. कंपनीने मला मार्गदर्शक मालक नेमलंय. आठवड्याला दोन-तीन फोन येतात, सगळ्यांना निळा उजेड. कंपनी माझ्याकडून पुन्हा अनुभव मागते आणि मी पाच तारे देतो. दुसरा पर्यायच नाही.

तुम्हीही आता ही गोष्ट संपवून 'वा, छान' म्हणणार, मला माहीत आहे. म्हणा. पण जाण्यापूर्वी एकदा सुरुवातीला जाऊन या. दादांना ऐकू येत नसेल, असं माझ्या बायकोने कपड्यांच्या घड्या घालता घालता स्वच्छ सांगितलं होतं. मी तेव्हा वॅट मोजत होतो. तुम्ही काय करत होता?